मरणावर वाचून झालेला माणूस

"त्याच्यावर आपलं वाचून झालंय."

गोरोबा तात्या सलगर हे वाक्य अशा सुरात म्हणायचे, जसं एखादा जेवणाच्या आग्रहाला म्हणतो की आत्ताच घरून जेवून निघालो. विषय कोणताही असो. कुणाच्या म्हशीची कास सुजली, कुणाच्या लेकीचं जमलेलं लग्न मोडलं, कुणाच्या बोअरला धूळच लागली, की तात्या आधी चष्मा कपाळावर चढवायचे, मग डोळे मिटायचे, आणि मग ते वाक्य यायचं. त्यानंतर समोरच्याला अर्धा तास तरी हलता येत नसे.

आमचं गाव जळकोटापासून चार किलोमीटर आत. वारा तिकडचा असला की हायवेवरचे ट्रक ऐकू येतात, नसला की येत नाहीत. पण गावात वाचनालय आहे, आणि हे मी मान वर करून सांगतो. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत सहा लोखंडी कपाटं, त्यात अठराशे चाळीस पुस्तकं, आणि त्या पुस्तकांत छत्तीस वर्षं बसलेले गोरोबा तात्या. ग्रंथपाल ते, झाडणारे ते, आणि बऱ्याचदा वाचकही तेच. सगळी अठराशे चाळीस त्यांनी वाचली. ही ऐकीव गोष्ट नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तारीख आणि खाली 'वाचून झाले' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. रेशीम उद्योगाच्या पुस्तकात आहे, मूळव्याधीच्या पुस्तकात आहे, बाळंतिणीच्या आहारावरच्या पुस्तकातही आहे.

"ह्यांच्या एवढ्या पुस्तकांत," उमादेवी काकू, म्हणजे तात्यांची मंडळी, म्हणायच्या, "घरातला गॅस संपल्याचं कुठंच कसं लिव्हलेलं नसतंय?"

एकदा आमच्या शेजारच्या धनाजीच्या कडब्याच्या गंजीत साप निघाला. तात्या धावत आले, काठी घेऊन नव्हे, चष्मा घेऊन. पाच हातांवर उभं राहून त्यांनी सापाची जात सांगितली, विषाचा प्रकार सांगितला, दात कुठल्या कोनात असतात ते बोटानं दाखवलं. साप बराच वेळ ऐकत होता. मग तो कंटाळून तात्यांच्याच दोन पायांमधून निघून गेला. तात्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कुठं गेला?"

"तुमच्या धोतराखालनं गेला की, तात्या," धनाजी म्हणाला.

तात्या त्यानंतर तीन दिवस तापानं फणफणले. पण ताप कशाचा, यावरही त्यांचं वाचून झालेलं होतं.

असं असलं तरी गावाला तात्यांची खरी गरज लागायची ती मरणाच्या वेळी. आमच्याकडं ओढ्याकाठी पत्र्याची शेड आहे. अग्नी दिला की पाहुणेरावळे सावलीला बसतात, आणि सगळं उरकेपर्यंत कुणाला तरी बोलावं लागतं. दुसऱ्या गावांत पुढारी बोलतात. आमच्या गावात तात्या बोलायचे. गळ्यात मफलर, हातात माइक, आणि पाठीमागं जाळ. काय भाषण असायचं ते! जीवनरूपी सागर, त्यातली नौका, पैलतीर, विझलेली ज्योत. ज्याच्यासाठी हे चालायचं त्यानं नळदुर्गच्या धरणापेक्षा मोठं पाणी बघितलेलं नसायचं, तरी बायाबापड्या घरी बसून, कुणीतरी तिथून लावलेल्या फोनवर ऐकताना पदर डोळ्याला लावायच्या.

खरं सांगायचं तर भाषण एकच होतं. बाप्या असला तर 'कष्टाळू, मनमिळाऊ, अजातशत्रू'. बाई असली तर 'प्रेमळ, त्यागमूर्ती, अन्नपूर्णा'. नाव तेवढं बदलायचं. धनाजीचे वडील दगडोबा वारले तेव्हा तात्यांनी त्यांना तीनदा अजातशत्रू म्हटलं. राख सावडायची वेळ जाहीर झाल्यावर धनाजीनं त्यांना बाजूला घेतलं.

"तात्या, त्या शब्दाचा अर्थ काय हुतो?"

"ज्याला शत्रूच न्हाय असा."

धनाजीनं शेडकडं बघितलं. दगडोबांच्या शेताला चार बाजूंनी चार शेजारी, आणि चौघांशी त्यांचं बोलणं बंद होतं. ते चौघं चार खांबांना टेकून बसले होते.

"मग ह्ये चौघं," धनाजी म्हणाला, "कोण हुते?"

तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धनाजी, मरण म्हणजे काय हे तुला अजून कळायचं हाय. मला पाठ हाय."

आणि त्यांना तसं मनापासून वाटायचं. अठराशे चाळीस पुस्तकांत मिळून किती माणसं मेली असतील! तात्या त्या प्रत्येकाच्या उशाशी बसून आले होते.

या पौषात तात्यांच्या थोरल्या बहिणीला, कडूबाईला, उमरग्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. वय ऐंशीच्या पुढं. तरणी असतानाच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि पुन्हा मेंढरामागं. तिचा लेक बालाजी ट्रकवर असतो. त्यानं सुट्टी काढून तिला नेलं, डॉक्टरांचं ऐकलं, परत आणून सोडलं, आणि डोळे पुसत पुन्हा गाडीवर गेला. डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय. आठ दिवस म्हणा, पंधरा म्हणा. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला.

घरी सून शिवकांता आणि एकेचाळीस मेंढरं. तिसऱ्या दिवशी सकाळी शिवकांता वाचनालयाच्या दारात आली. मी तिथं पेपर वाचत होतो.

"तात्या, आत्या बोलवायल्यात. मरणावर काय काय वाचलंय ते घिऊन या म्हणल्या."

सरकारी बोलावणं आल्यासारखे तात्या उठले. कपाटांसमोर बराच वेळ उभे राहिले, चार पुस्तकं काढली, फडक्यानं पुसली, पिशवीत घातली. मलाही बरोबर घेतलं. असल्या प्रसंगाला कुणीतरी ऐकणारा असावा लागतो.

कडूबाई अंगणात लिंबाखाली बाजेवर टेकून बसली होती. अंगावर घोंगडं. मागं वाडग्यात, काटेरी कुंपणात, मेंढरं ओरडत होती. तीन दिवस कोंडलेली होती, शिवकांता टाकील तेवढ्या बाभळीच्या वाळक्या शेंगांवर.

"आलास? पिशवीत काय हाय?"

"पुस्तकं, अक्का. निवडून चार आणलीत."

"इतकी माणसं मेली अन् चारच?"

तात्यांनी हसण्यावारी नेलं आणि पहिलं पुस्तक उघडलं. कादंबरी होती. शेवटच्या प्रकरणात म्हातारा बाप अंथरुणावर पडून मुलांना उपदेश करतो. तात्यांनी आवाज खाली घेतला, जिथं थांबायचं तिथं थांबले, जिथं कापरा लावायचा तिथं लावला. पहिलं पान सरलं, दुसरं सरत आलं.

"थांब," कडूबाई म्हणाली. "ह्याला दम लागत न्हवता का?"

"म्हंजे?"

"मला... पाणी दे म्हणायला... तीनदा थांबावं लागायलंय. ह्यो दोन पानं बोलायलाय. ह्याला झालं काय हुतं?"

तात्यांनी मागची पानं चाळली. "क्षय."

"क्षयाचा माणूस एवढं बोलत न्हाय. आपला आबा क्षयानंच गेला. 'कोकरू आत घ्या' म्हणला अन् गेला."

तात्यांचं बोट पानावर थबकलं. आता हे इथं सांगितलं पाहिजे. वडिलांचे शेवटचे शब्द हा तात्यांच्या भाषणातला सगळ्यात गाजलेला भाग होता. 'शिक्षण सोडू नका, असं म्हणून माझ्या पित्यानं प्राण सोडला,' हे त्यांनी गेल्या तीस वर्षांत शाळेच्या प्रत्येक झेंडावंदनाला सांगितलं होतं.

"अक्का, आबा म्हणले हुते की शिक्षण..."

"ते तू सांगतोस. तू हुतास कुठं? उमरग्याला बोर्डिंगात. उशाला म्या हुते. गार वारं सुटलंतं, कोकरू भाईर ऱ्हायलंतं. पुढचं पुस्तक काढ."

दुसरं पुस्तक चिंतनाचं होतं. मरण म्हणजे एक दार आहे, असं त्यात आठ प्रकारे सांगितलं होतं. कडूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"दाराच्या पल्याड काय हाय?"

"ते पुढच्या प्रकरणात यायला पायजे." तात्यांनी पान उलटलं. तोंड जरा उतरलं. "पुढं लेखक स्वतःच्या लहानपणाकडं वळलेत."

"ह्ये लिव्हणारा मेलाय का?"

"व्हय. लई वर्षं झाली."

"लिव्हायच्या आधी का नंतर?"

"नंतरच की, अक्का."

"मग लिव्हताना त्याला काय ठावं हुतं?"

मी लिंबाच्या शेंड्याकडं बघितलं. शिवकांता तोंडाला पदर लावून आत गेली. तात्यांनी तिसरं पुस्तक पिशवीतून काढलं, वजन केल्यासारखं हातात धरलं आणि परत आत ठेवलं. चौथं काढलंच नाही.

कडूबाईनं घोंगडं वर ओढलं. "गोऱ्या, मला येवढंच सांग. दुखतंय का? अन् कुठनं सुरू हुतंय, पायाकडनं का छातीकडनं?"

तात्या बरंच बोलले. काही ऋषींचं बोलले, काही शास्त्रज्ञांचं. एक दोनदा नौका आली. कडूबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि ते थांबल्यावर म्हणाली, "बरं, ते ऱ्हाऊ दे. आता तुझं भाषण म्हण."

"कसलं?"

"मसनवट्यातलं. म्या मेल्यावर म्हणणार न्हवं का? तवा मला ऐकायला यायचं न्हाय. आत्ताच म्हण."

तात्यांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता. त्यांचं ऐकणारी मुख्य माणसं आतापर्यंत निवांत पडलेली असायची. त्यांनी मफलर सारखा केला, उभे राहिले, आणि घसा साफ करून म्हणाले, "कैलासवासी कडूबाई या अत्यंत प्रेमळ, त्यागमूर्ती, साक्षात अन्नपूर्णा..."

"ही प्रेमाबाई," कडूबाई म्हणाली.

"काय?"

"ह्ये प्रेमाबाईचं भाषण हाय. तिच्या आधी रुद्रम्माचं हुतं. म्या ओढ्याच्या वरच्या माळाला मेंढरं घिऊन बसते रं. तुझा माईक खणखणीत हाय. आजपातुर सगळी ऐकलीत. मेंढरांलाबी पाठ झालीत. 'जीवनरूपी' म्हणलास की ती उठून घराकडं लागत्यात."

तात्या मटकन बाजेच्या कडेवर बसले. इतकी वर्षं जिला एका अक्षराचा गंध नाही असं ते समजायचे, ती त्यांची सगळ्यात जुनी श्रोता निघाली.

"अन् प्रेमाबाईला अन्नपूर्णा म्हणलास! तिच्याकडं ताक मागाय गेलं की ती मडकं पालथं घालून ठेवायची. जाऊ दे, ती गेली. पर मला दुसरीचं लुगडं नेसवून धाडू नगं." ती दम घ्यायला थांबली. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "माणूस जाळून लोक घरला जात्यात, तवा तू बोललास तेवढंच घिऊन जात्यात. म्या येवढी वर्षं माळावर काढली. त्यातलं कायतरी एक खरं सांग. मला ऐकून जायचंय."

"अक्का, तू... कष्टाळू हायस."

"गाढवबी कष्टाळू असतंय."

"तुझं नावच बघ," तात्यांना एकदम धागा सापडला, "कडूबाई! ही एक लोकरूढी हाय. त्याच्यावर आपलं वाचून झालंय. आधीची लेकरं जगली न्हाईत की पुढच्या लेकराला कडू, दगड असलं नाव ठेवत्यात. म्हंजे मरणाला वाटावं, ह्ये काय आपल्या खायाचं न्हाय."

"असं? मग माझ्या आधीची किती गेली?"

संपूर्ण पुस्तक वाचलं होतं त्यांनी नावांवरचं, तळटिपांसकट. पण ज्या अर्थी घरात कडूबाई आहे त्या अर्थी घरातलं कुणीतरी गेलं असेल, हे त्यांच्या डोक्यात सत्तर वर्षांत आलं नव्हतं.

"दोन," कडूबाई म्हणाली. "दोन्ही पोरीच. आयनं मला सांगितलंतं."

मागं मेंढरं अजून ओरडत होती.

"तू लहान हुतास," कडूबाईच पुढं म्हणाली, "तवा आबा म्हणला, एकानं साळंला जावा, एकानं मेंढरामागं. म्या म्हणलं, ह्यो जाऊ दे साळंला."

तात्यांचे डोळे भरून आले. "तुझे लई उपकार झाले, अक्का..."

"तुझ्यावर न्हाय, मेंढरांवर झाले. तू त्यांच्यामागं गेला असतास तर ती उपाशी मेली असती." तिनं वाडग्याकडं हात केला. "तीन दीस कोंडलीत बिचारी. सूनबाईला अंगणवाडी हाय. उद्या तू घिऊन जा. म्या कोण हाय ते माळावर हाय, तुझ्या कपाटात न्हाय. बघून ये, अन् मग बोल."

दुसऱ्या दिवशी आमच्या गावानं जे पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. पुढं एकेचाळीस मेंढरं, आणि मागं गोरोबा तात्या: इस्त्रीचं धोतर, काळी छत्री, आणि कडूबाईची घुंगरू बांधलेली काठी उलटी धरलेली. पुस्तक न्यायचं नाही अशी ताकीद होती. पण कोटाच्या आतल्या खिशात बारकंसं एक होतं, हे मला माहीत होतं.

माळावर पोचेपर्यंत मेंढरांनीच त्यांना नेलं. तिथं ती पांगली, तात्या दगडावर बसले, छत्री उघडली, आणि खिशात हात घातला. तिसऱ्या पानावर असतील नसतील, तेवढ्यात खालून धनाजीची आरोळी आली.

"तात्याऽऽ! हरभरा खाल्ला की माझा सगळा!"

तात्या धावत उतरले. एकेचाळीस तोंडं खाली आणि हरभऱ्याचा कर्रकर्र आवाज. तात्यांनी दोन्ही हात वर करून आज्ञा केली, "या! इकडं या पाहू! बाहेर या!"

एकही मान वर झाली नाही.

"तात्या," धनाजी बांधावर कपाळाला हात लावून उभा होता, "तुमी त्यांला श्रद्धांजली वाहायलाव का हाकलायलाव? अक्का जिभंनं कायतरी आवाज काढतात बघा, तसा काढा!"

तात्यांनी जिभेनं एक आवाज काढला. मग दुसरा काढला. दुसऱ्यानं धनाजीचं कुत्रं आलं. शेवटी धनाजीनंच ढेकळं मारून मेंढरं काढली. त्यानंतर मेंढरांनी ठरवलं की आज एवढं पुरे, आणि तासभर आधीच ती घराकडं लागली. पुढं मेंढरं डौलात, मागं एका चपलेवर तात्या. पारावरच्या माणसांना कळेना, कुणी कुणाला चारून आणलंय.

"किती आणलीस?" बाजेवरून प्रश्न आला.

"एकेचाळीस."

"मोजलीस?"

"न्हाय. तेवढीच नेली हुती म्हणून."

शिवकांतानं मोजली. एकोणचाळीस भरली. राहिलेली दोन थोड्या वेळानं आपापली आली, तोंडात हरभऱ्याचे घाटे घेऊन. तोवर कडूबाईनं तात्यांकडून हरभऱ्यापासून कुत्र्यापर्यंत सगळं काढून घेतलं होतं. ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळे पांढरे व्हायला लागले. शिवकांता पाणी घेऊन धावली, तात्यांनी हात धरला, मी बाज धरली. सगळ्यांना वाटलं, संपलं. मग तिनं एक लांब श्वास ओढला आणि म्हणाली, "कुत्रं आलं व्हय रं?" आणि पुन्हा हसायला लागली.

त्या संध्याकाळी तात्यांनी वहीवर बराच वेळ घालवला. ज्या माणसाला नौकेवरून पैलतीरावर जायला एक दम पुरायचा, तो दोन ओळींसाठी पेन चावत बसला. मग वाचलं: "कडूबाईनं मेंढरं राखली. मला ते एक दिवससुद्धा जमलं नाही."

कडूबाईनं डोळे मिटून ऐकलं. "पयलं ठेव. दुसरं काढ, ते तुझं हाय. माझ्या सरणावर तू कशाला चढतोस?"

तात्यांनी दुसरं वाक्य खोडलं. खोडताना त्यांचा हात कसा चालला, ते मी बघत होतो. छत्तीस वर्षांत त्यांनी स्वतःचं लिहिलेलं काही खोडल्याचं मला आठवत नाही.

मग हा रोजचाच क्रम झाला. तात्या सकाळी मेंढरं घेऊन जायचे आणि संध्याकाळी वही घेऊन बाजेपाशी बसायचे. रोज आठ-दहा वाक्यं लिहून आणायचे, आणि कडूबाई त्यातलं एखादं ठेवायची, कधी तेही नाही. 'निसर्गाच्या सान्निध्यात' गेलं. 'ममतेचा पाझर' गेला. 'आजारी कोकराला ती स्वतःच्या घोंगड्यात घ्यायची आणि आपण कुडकुडत बसायची' हे तिनं ठेवलं, पण 'कुडकुडत' काढायला लावलं; घोंगडं दोघांना पुरतंय, म्हणाली. 'तिची मेंढरं कुणाच्या रानात शिरली तर ती धडधडीत खोटं बोलायची' हे तात्यांनी भीत भीत लिहिलं होतं. कडूबाईनं ते दोनदा वाचायला लावलं.

"ह्ये बरुबर हाय. ह्याच्यावर धनाजीची सही घे."

अधूनमधून धनाजी येऊन बसायचा आणि आपल्याकडची भर घालायचा. कोणत्या साली कोणतं पीक खाल्लं, कोणत्या बांधावर कडूबाईनं त्याच्या बापाला, म्हणजे त्या अजातशत्रू दगडोबांना, काठी घेऊन पळवलं. तात्या लिहून घ्यायचे. मध्येच विचारायचे, "मग काय झालं?" हा प्रश्न तात्यांच्या तोंडून यायला लागला, हे गावानं जरा उशिरा ओळखलं. पहिल्यांदा लोकांना वाटलं, त्यांना कमी ऐकू यायला लागलंय.

डॉक्टरांचे आठ दिवस झाले, पंधरा झाले. वहीत सहा वाक्यं जमली होती. अठराव्या दिवशी दुपारीच तात्यांना माळावरून बोलावून आणलं. कडूबाईचा श्वास वर लागला होता. बालाजीला फोन गेला. तो हैदराबादच्या पलीकडं होता. शिवकांता तळपायाला सुंठ चोळत होती. तात्या धुळीच्या पायांनी तसेच बाजेपाशी बसले.

कडूबाईनं डोळे उघडले. "गोऱ्या... दुखंल का रं?"

मी तात्यांकडं बघत होतो. चष्मा कपाळावर गेला नाही. डोळे मिटले नाहीत.

"मला ठावं न्हाय, अक्का."

कडूबाई त्यांच्याकडं बघत राहिली. श्वास तसाच चालू होता, घरघर करत. मग तिचे ओठ हलले.

"परत म्हण."

"मला ठावं न्हाय. भ्याव वाटलं तर हात धर. म्या हितंच बसलोय."

"शिवकांता," ती तुटक तुटक म्हणाली, "ऐकलंस का गं? सत्तर वर्सांत... पयल्यांदा."

"ऐकलं, आत्या," शिवकांता रडत रडत हसली. "म्या बी ऐकलं अन् ह्यांनी बी." ह्यांनी म्हणजे मी.

तिनं तात्यांचा हात धरला. सगळी दुपार धरून ठेवला. तात्यांच्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, उमादेवी काकू जेवायला बोलवून गेल्या. त्यांनी हात सोडला नाही आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. दिवे लागायच्या सुमाराला श्वास खाली बसला. कडूबाईनं हात सोडला आणि कढी मागितली.

सकाळी तात्या नेहमीच्या वेळेला आले. इस्त्रीचं धोतर कधीच गेलं होतं; ठिगळ लावलेली बंडी, डोक्याला फडकं, खांद्यावर कडूबाईचं जुनं घोंगडं. वाडग्याचं फाटक उघडलं, मेंढरं बाहेर लोटली. पण तात्या बाजेपाशी उभेच राहिले.

"जा की," कडूबाई म्हणाली. तिचा चेहरा रात्रीत बारका झाला होता. आवाज पार खाली गेला होता.

"आज ऱ्हाऊ का? म्या माळावर असलो, अन् तुला..."

"तर काय हुतंय?"

"हात धरायला कोण?"

"सूनबाईला हात हायती की. म्या जाईन न्हायतर ऱ्हाईन, ते म्या बघते. त्यांनी का उपाशी ऱ्हावं?" ती थांबली, दम घेतला. "अन् वही ठिवून जा. ऐकायचं तेवढं ऐकलंय. उरलेलं न्हाय लिव्हलंस तरी चालंल."

तात्यांनी वही शिवकांताच्या हातात दिली. बाजेवर वाकून तिच्या अंगावरचं घोंगडं सारखं केलं. जिभेनं आवाज काढला, अगदी बारीक. पुढची मेंढी चालायला लागली.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मागं वळून बघितलं. कडूबाईनं हात हलवला, माशी हाकलल्यासारखा. ओढ्याच्या उतारावर त्यांनी पुन्हा बघितलं. पुन्हा तिनं तसाच हात केला. मग त्यांनी मान वळवली नाही. बांधावर धनाजी हरभऱ्याच्या कडेला काठी घेऊन उभा होता, आणि तात्या मेंढरं त्याच्या रानाच्या कडेनं, हरभऱ्याला तोंड न लावू देता, पलीकडं काढत होते. ते बघून धनाजीनं काठी खाली टेकवली. शिवकांता चुलीवरचं दूध विसरून दारात आली. मी बाजेच्या पायथ्याशी होतो. कडूबाई एका कोपरावर उठून बसली होती, तिचे ओठ हलत होते. मेंढरं चढाला लागली, एकेक करून माळाच्या कडेवरून पलीकडं उतरायला लागली, आणि ती एकेक मोजत होती. एकेचाळिसावं उतरलं. त्याच्यामागं घोंगडं, मग फडकं, मग घुंगराची काठी. मग नुसता माळ राहिला, तरी ती तिकडंच बघत होती.